अलाइनरची शीट बदलण्याआधी गेज हातात घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीत स्वतःच्या क्लिनिकमध्ये अलाइनर, म्हणजे दात हळूहळू सरळ करणारी प्लॅस्टिकची पारदर्शक कवचं, बनवणारे एक तरुण ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारे दंतवैद्य) ०.७५ मिमीची पीईटीजी या प्लॅस्टिकची शीट वापरतात. दातांची थोडी गर्दी, थोडी फट अशा केसेस नीट पार पडतात. पण सुळ्याचं रोटेशन असलं, म्हणजे सुळा स्वतःभोवती फिरवायचा असला, की चौथ्या-पाचव्या स्टेपपासून (एक अलाइनर म्हणजे एक स्टेप) ट्रॅकिंग सुटतं, म्हणजे दात अलाइनरच्या मागे पडतो, सुळ्याच्या टोकाशी हवेची फट दिसायला लागते. सप्लायर म्हणतो, टीपीयू (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन) नाहीतर तीन थरांची शीट घ्या. किंमत जवळपास दुप्पट. एक मित्र म्हणतो, १ मिमीची शीट घे, जोर वाढेल. त्यात स्टेप सात दिवसांनी बदलायची की चौदा, हाही घोळ आहेच. तर डेटाशीटवरच्या आकड्यांपैकी नेमका कुठला बघायचा?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचे त्यातच अडकले आहेत.

डेटाशीटवरचे आकडे खोटे नसतात, पण ते आपल्या कामाच्या अवस्थेतले नसतात. प्लॅस्टिकचा डंबेलच्या आकाराचा एक कोरडा तुकडा २३ अंश सेल्सिअसला यंत्रात धरून ओढतात. काही मिनिटांत तो तुटतो आणि आकडे मिळतात. तुमचा अलाइनर मात्र ३७ अंशांवर, लाळेत भिजलेला, थर्मोफॉर्मिंगमध्ये (शीट तापवून दातांच्या मॉडेलवर दाबून बसवताना) ताणून पातळ झालेला असतो. त्याला कोणी तोडत नाही. थोडासा वाकवून दिवसचे दिवस तसाच ठेवतात. त्यामुळे पीईटीजीची तन्यता-शक्ती ५० मेगापास्कलच्या आसपास आहे हे वाचून फारसं काही हाती लागत नाही. ‘तुटेपर्यंत शंभर टक्क्यांहून जास्त ताणते’ ही ओळ तर सेल्समन सर्वांत ठळक दाखवतो आणि आपल्याला तीच सर्वांत निरुपयोगी. पीईटीजी साधारण चार-पाच टक्के ताणलं की यील्ड होतं, म्हणजे त्यापुढे ते मूळ आकारात पूर्ण परत येत नाही. पुढचे शंभर टक्के पॅकिंगवाल्यांच्या कामाचे.

मॉड्युलस, म्हणजे पदार्थाचा ताठरपणा, हा आकडा उपयोगी आहे. पीईटीजीचा २,००० ते २,२०० मेगापास्कल असतो. अलाइनरसाठीचं कडक पॉलियुरेथेन त्याच घरात असतं, कंपनीप्रमाणे थोडं वर किंवा खाली. समजा सप्लायरच्या शीटचा मॉड्युलस तुमच्या शीटपेक्षा पंधरा-वीस टक्क्यांनी वेगळा आहे. तेवढा फरक पुरेसा वाटतो ना? आता तुमच्याच अलाइनरमध्ये किती फरक दडलेला आहे ते पाहू.

वाकवताना पट्टीचा ताठरपणा मॉड्युलसच्या सरळ प्रमाणात बदलतो, जाडीच्या मात्र घनाच्या प्रमाणात. ०.७५ मिमीची शीट मॉडेलवर बसताना सगळीकडे सारखी पातळ होत नाही. दाढांच्या चावण्याच्या पृष्ठभागावर ती बरीच शिल्लक राहते. पुढच्या दातांच्या ओठांकडच्या बाजूला आणि हिरडीच्या कडेजवळ सर्वांत पातळ होते. त्या भागात ०.५ मिमी उरली असेल, तर मूळ शीटच्या तुलनेत ताठरपणा ३० टक्के उरला. ०.६ मिमी उरली असेल, तर ५१ टक्के. म्हणजे एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने जोर पावणेदोन पटींच्या आसपास बदलला! अलाइनर ही साधी पट्टी नव्हे, दाताभोवती वळलेलं कवच आहे, म्हणून घनाचा हा हिशोब तोंडात तंतोतंत उतरत नाही. पण दिशा तीच राहते. शीटच्या ब्रँडमधला पंधरा टक्क्यांचा फरक, हीटरवर दहा सेकंद जास्त ठेवल्याने पडणाऱ्या फरकापुढे झाकला जातो.

म्हणून पहिलं काम: इवॅन्सन गेज घ्या. क्राउनची, म्हणजे दातावरच्या टोपीची, जाडी मोजायला प्रत्येक लॅबमध्ये असतं तेच. तुमच्या शेवटच्या चार-पाच केसेसमधले वापरून झालेले अलाइनर मागवा आणि सुळ्याच्या ओठांकडच्या बाजूला, मध्यावर आणि हिरडीच्या कडेला जाडी मोजा. एकाच रुग्णाच्या वेगवेगळ्या स्टेपमध्ये ती वेगवेगळी आढळली, तर तुमचा प्रश्न शीटचा नाही, मशीन चालवण्याचा आहे. अशा वेळी महाग शीट आणणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आता जो आकडा डेटाशीटवर बहुतेक वेळा नसतोच, त्याकडे वळू. स्ट्रेस रिलॅक्सेशन. दोन खिळ्यांमध्ये नायलॉनची दोरी ताणून बांधली, तिच्यावर एकही कपडा टाकला नाही, तरी काही दिवसांनी ती सैल लागते. खिळे सरकलेले नसतात. दोरीच्या आतल्या लांबच लांब रेणूंनी एकमेकांवरून घसरत आपली जागा बदललेली असते आणि ताण ओसरलेला असतो. अलाइनरचं हेच होतं. निकेल-टायटॅनियमची तार वाकवली की दात सरकत जाईल तसा ती बराच काळ जवळपास सारखा जोर देत राहते. थर्मोप्लास्टिकला ती सोय नाही. रुग्ण अलाइनर घालतो त्या क्षणी जोर सर्वाधिक असतो, आणि दात तसूभर हलला नाही तरी तो कमी व्हायला लागतो.

किती कमी? इटलीतल्या लोम्बार्डो आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली चार शीट ३७ अंशांच्या पाण्यात २४ तास वाकवून ठेवल्या. दोन एकथरी होत्या, त्यातली एक पॉलियुरेथेनची आणि एक पीईटीजीची. दोन दुहेरी थरांच्या. चारही शीटमधला ताण लक्षणीय ओसरला. घसरण पहिल्या आठ तासांत सर्वांत जास्त होती, पुढच्या सोळा तासांत रेषा सपाट होत गेली. एकथरी शीट जोरात सुरुवात करत होत्या आणि वेगाने उतरत होत्या. दुहेरी थराच्या शीट जास्त स्थिर राहिल्या, पण त्यांचा ताण एकथरीपेक्षा चार पटींपर्यंत कमी होता. हे शेवटचं वाक्य सप्लायर सांगत नाही. ‘सातत्यपूर्ण फोर्स’ या शब्दांमागे ‘कमी फोर्स’ लपलेला असू शकतो. कमी असणं वाईट असं नाही. दात टिप करायला (कलवायला) किंवा फिरवायला ३५ ते ६० ग्रॅम पुरतात, इंट्रूजनला, म्हणजे दात हाडात आत दाबायला, १० ते २० ग्रॅमसुद्धा बास होतात. नव्या कडक अलाइनरचा पहिल्या तासातला जोर याच्या कितीतरी वर जातो, आणि रुग्ण ‘डॉक्टर, पहिली रात्र फार दुखलं’ म्हणतो ते त्यामुळेच. पण सुळ्यासारख्या लांब मुळाच्या, गोल अंगाच्या दाताला आधीच पकड कमी. तिथे फार मऊ शीट नुसतीच फाकते आणि दाताला वळसा घालून बसते.

तोंडात दिवसातून चार-सहा वेळा अलाइनर निघतो, तेव्हा प्लॅस्टिकला थोडी उसंत मिळते आणि ओसरलेल्या ताणाचा काही भाग परत येतो. त्यामुळे प्रयोगशाळेतली सलग २४ तासांची घसरण तोंडात जशीच्या तशी होत नाही. मात्र पाणी आणि उष्णता उलट दिशेने काम करत असतात.

इथे पदार्थाची जात महत्त्वाची ठरते, म्हणून जरा रसायनशास्त्र. साधं पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं, गरम करून सावकाश थंड झालं की त्याचे रेणू ओळीत लागून स्फटिक बनवतात आणि ते दुधाळ होतं. त्यातल्या एथिलीन ग्लायकॉलचा काही भाग सायक्लोहेक्सेन-डायमेथॅनॉल या जाडजूड रेणूने बदलला, की साखळ्यांना ओळीत लागता येत नाही. हे पीईटीजी: काचेसारखं स्वच्छ, सहज फॉर्म होणारं, कात्रीने कापता येणारं. साधारण ८० अंशांना ते काचेच्या अवस्थेतून मऊ अवस्थेत जातं. पाणी कमी पितं. ड्युरान, बायोलॉन, एर्कोडुर ही सगळी याच घराण्यातली. याचा दोष म्हणजे लवचिकतेची मर्यादा लहान आणि कडेला चीर जायची सवय. रुग्ण एकाच बाजूने नखाने ओढून काढत असेल तर दाढेजवळ तडा ठरलेला.

पॉलियुरेथेनच्या साखळीत कडक आणि मऊ असे तुकडे आलटून पालटून असतात, आणि शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून ठेवतात. त्यामुळे ते चिवट असतं, फाटत नाही, वाकवल्यावर परत येण्याची ताकद जास्त. पण पाण्याचे रेणू त्याच हायड्रोजन बंधांमध्ये शिरतात, म्हणून ते पीईटीजीपेक्षा जास्त पाणी शोषतं आणि काही दिवसांत मऊ पडतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत इनव्हिजलाइन या अलाइनरच्या ब्रँडचं पॉलियुरेथेन पीईटीजीच्या तीन शीटपेक्षा जास्त कडक आणि ताठर आढळलं, पण क्रीपला, म्हणजे सततच्या भाराखाली हळूहळू वाहत जाण्याला, कमी टिकलं. ‘टीपीयू मऊ, पीईटीजी कडक’ असं जे सरसकट बोललं जातं ते त्यामुळे नीट नाही. २०१६ साली वापरून झालेले इनव्हिजलाइन अलाइनर रुग्णांकडून परत घेऊन तपासले, तेव्हा मॉड्युलस नव्या अलाइनरपेक्षा सुमारे एक-दशांशाने उतरलेला होता, कडकपणाही कमी झाला होता, क्रीप वाढला होता. रासायनिक रचना तशीच होती. प्लॅस्टिक खराब झालं नव्हतं, थकलं होतं.

जाता जाता: पॉलियुरेथेनला रंग लवकर चढतो. आपल्याकडे हळद प्रत्येक फोडणीत. जेवताना अलाइनर काढला आणि चूळ न भरता परत घातला, तर आठवड्यात पिवळा. सप्लायर हे सांगणार नाही, रुग्ण मात्र फोटो पाठवून विचारणार.

तीन थरांच्या शीटमध्ये बाहेर कडक कोपॉलिएस्टर आणि मध्ये रबरासारखं मऊ युरेथेन असतं. झेंड्युरा एफएलएक्स किंवा क्लिअरकरेक्टचं क्लिअरक्वार्ट्झ ही या प्रकारची नावं तुम्ही ऐकली असतील. इनव्हिजलाइन बनवणाऱ्या अलाइन टेक्नॉलॉजीनेही २०१३ मध्ये आधीचं एकथरी ईएक्स-३० सोडून बहुथरी स्मार्टट्रॅक आणलं. यांचा खरा फायदा बसण्यात आहे. वाकडा दात असला तरी अलाइनर पूर्ण खाली बसतो, अटॅचमेंटला, म्हणजे पकडीसाठी दातावर चिकटवलेल्या कंपोझिटच्या उंचवट्याला, चहूबाजूंनी धरतो, आणि मोठ्या स्टेपमध्येही यील्ड होत नाही. म्हणजे शीट चांगली आहे यात वाद नाही. वाद एवढाच, की ती तुमचा सुळा फिरवेल का.

याचा अंदाज घ्यायला दोन आकडे पुरेत. क्रॅविट्झ आणि सहकाऱ्यांनी २००९ साली इनव्हिजलाइनमध्ये पुढच्या दातांची ठरवलेली आणि प्रत्यक्ष झालेली हालचाल मोजली. सरासरी अचूकता ४१ टक्के. २०२० साली त्याच गटाच्या नव्या पाहणीत ती ५० टक्के आली. पहिल्या अभ्यासात फक्त पुढचे दात होते, त्यामुळे तुलना अगदी सरळ नाही. तरी या ११ वर्षांत जगातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने शीट बदलली, अटॅचमेंटचे आकार बदलले, हालचाल टप्प्यांत वाटण्याचं (स्टेजिंगचं) सॉफ्टवेअर बदललं, लाखो केसेसचा अनुभव घेतला, आणि ठरवलेल्या हालचालीपैकी निम्मीच तोंडात उतरली. नुसत्या शीटच्या वाट्याला यातलं किती येत असेल, हे तुम्हीच ठरवा.

सुळ्याकडे येतो. वरच्या सुळ्याची रुंदी साडेसात मिलिमीटर धरा, म्हणजे त्रिज्या पावणेचार. तुम्ही एका स्टेपला दोन अंश फिरवता. दोन अंशांनी दाताचा पृष्ठभाग किती सरकतो? जेमतेम ०.१३ मिमी. अलाइनर सुळ्याला फिरवतो तो एवढ्याशा विसंगतीच्या बळावर. आता तुमचा थ्रीडी प्रिंटर १०० मायक्रोमीटरच्या थरांनी मॉडेल छापतो का? म्हणजे ०.१ मिमीच्या पायऱ्या. मॉडेल नीट धुतलं नसेल, अटॅचमेंटच्या कोपऱ्यात रेझिन साचून कडा गोल झाली असेल, शीट तिथे घट्ट बसली नसेल, तर अलाइनर आणि दात यांच्यात ०.१ मिमीची मोकळीक आरामात राहते. तुमचं जवळपास सगळं ॲक्टिव्हेशन, म्हणजे ती ०.१३ मिमीची विसंगती, त्या मोकळिकीतच जिरतं. दात फिरत नाही, पुढची स्टेप आणखी दोन अंश मागते, आणि चौथ्या-पाचव्या स्टेपला साचलेली तूट इतकी होते की अलाइनर सुळ्यावर चढतच नाही. तुम्ही जी फट बघता ती तिथे तयार होते, पण तिची सुरुवात पहिल्या स्टेपला झालेली असते. सुळ्याचा आडवा छेद जवळपास गोल असल्यामुळे अलाइनरला धरायला कोपराच नाही. पटाशीच्या दाताचं तसं नसतं, तो चपटा, म्हणून तुमच्या बाकीच्या केसेस नीट जातात.

म्हणून सुळ्याला कडा स्पष्ट असलेली उभी आयताकृती अटॅचमेंट हवीच, आणि तिचं टेम्प्लेट (ती दातावर चिकटवायचा साचा) अलाइनरच्याच शीटमध्ये न करता पातळ शीटमध्ये करा, म्हणजे टेम्प्लेट काढताना अटॅचमेंट सोबत उखडत नाही. दोन्ही बाजूंना आधी जागा मोकळी करा. शेजारच्या दातांना घासत फिरणारा सुळा कोणत्याच प्लॅस्टिकला दाद देत नाही. मॉडेल ५० मायक्रोमीटरच्या थरांनी छापा, निदान ज्या केसमध्ये सुळा किंवा प्रीमोलर (सुळ्यामागची छोटी दाढ) पंधरा अंशांहून जास्त फिरवायचा आहे तिथे तरी. वेळ दुप्पट लागेल, लागू द्या. आणि तीस-पस्तीस अंशांचं रोटेशन असेल तर सरळ दातावर बटन चिकटवून त्याला इलॅस्टिक (रबर) लावा, अभिमान आड येऊ देऊ नका.

फॉर्मिंगबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण कोकणात बसून हे करताना ज्या अडचणी येतात त्या जर्मन मॅन्युअलमध्ये नसतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत जो दमटपणा असतो, तो उघड्या पाकिटातली शीट शोषून घेते. पीईटीजी हळू शोषते, टीपीयू झपाट्याने. हीटरखाली ते पाणी वाफ होऊन बारीक बुडबुडे दिसतात. बुडबुडे दिसले तर शीट टाकूनच द्या; पण बुडबुडे न दिसताही ओल्या शीटमधल्या साखळ्या उष्णतेत पाण्यामुळे तुटतात आणि शीट ठिसूळ होते, ते डोळ्यांना कळत नाही. पाकीट फोडलं की उरलेल्या शीट सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात जाऊ द्या. ओलाव्याची शंका असली तर पीईटीजी ६०-६५ अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास वाळवा. ८० अंशांजवळ गेलात तर शीट वाकडी होईल. टीपीयूसाठी कंपनीने सांगितलेलंच तापमान पाळा, अंदाज नको.

शीट जास्त तापली की खाली लोंबते आणि मॉडेलवर बसण्याआधीच मध्यभागी पातळ होते. कमी तापली तर कोपऱ्यांत शिरत नाही आणि आत ताण कोंडून राहतो. तो ताण तोंडाच्या उबेत सुटतो आणि अलाइनर आपोआप थोडा फाकतो. मॉडेल जितकं उंच तितकी शीट जास्त ओढली जाते. आर्चची (दातांच्या कमानीची) मॉडेल घोड्याच्या नालेसारखी छापा, टाळू भरू नका, बुड कमीत कमी ठेवा, आणि मशीनच्या गोळ्यांच्या भांड्यात मॉडेल हिरडीच्या खाली तीन-चार मिलिमीटरपर्यंत बुडवा. दाब सोडायची घाई हा सर्वांत जास्त आढळणारा दोष. पीईटीजी हाताला कोमट लागेपर्यंत दाबाखालीच थंड होऊ द्या. साध्या व्हॅक्यूम मशीनवर जास्तीत जास्त एक वातावरणाचा दाब मिळतो. बायोस्टारसारख्या प्रेशर मशीनवर चार ते सहा बार. अटॅचमेंटच्या कडांमध्ये शीट शिरवायला हा फरक फार मोठा आहे. तुमच्याकडे व्हॅक्यूम मशीन असेल, तर महाग शीटवर दोन वर्षांत जो जास्तीचा खर्च होईल तो आधी मशीनवर करा, हे माझं स्पष्ट मत.

कड कुठे कापता यालाही ताठरपणाचाच हिशोब लागू होतो. हिरडीच्या वळणाप्रमाणे कापलेली कड दिसायला सुंदर, पण हिरडीपासून दोन मिलिमीटर वर सरळ रेषेत कापलेला अलाइनर अटॅचमेंट नसतानाही दुपटीहून जास्त घट्ट बसतो, असं २०१२ साली प्रयोगाने दाखवलं गेलं आहे. वळणांवरची पातळ कड उघडते, सरळ पट्टा तिला आवळून ठेवतो. रोटेशनच्या केसेसमध्ये माझी कड सरळच असते. रुग्णाला गालाला टोचली तर पॉलिश करून देतो.

आता १ मिमीची शीट. आधीच्या घनाच्या हिशोबाने ती ०.७५ च्या २.३७ पट ताठर. मित्राचं म्हणणं इथपर्यंत बरोबर. पण ताठर अलाइनर वाकड्या दातावर पूर्ण बसत नाही, अटॅचमेंटवरून उतरायला कुरकुरतो, मागच्या बाजूला उचलला जातो. जो बसलाच नाही त्याचा जोर हवेत. जो बसला त्याचा पहिल्या दिवसाचा जोर इतका, की रुग्ण रात्री काढून ठेवतो आणि तुम्हाला सांगत नाही. १ मिमी रिटेनरला (उपचारानंतर दात जागेवर धरून ठेवणाऱ्या कवचाला) ठीक, दात खाणाऱ्या रुग्णाला ठीक. दात हलवायला नको. अपवाद एक: प्रीमोलर काढलेल्या केसमध्ये जागा बंद करताना मधला लांब पूल वाकतो आणि पुढचे दात आत झुकतात, दाढा पुढे कलतात, तिथे ताठरपणाची गरज खरी असते. पण सुरुवातीच्या काळात अशा केसेस अलाइनरवर घेऊच नयेत असं मी म्हणेन, त्यामुळे तो मुद्दा सोडा.

जास्त जोर हवा असेल तर त्याहून बरा मार्ग जुनाच आहे. कोरियातल्या डॉ. टे वॉन किम यांच्या पद्धतीत एकाच सेटअपवर (दातांच्या ठरवलेल्या एकाच मांडणीवर) ०.५, ०.६२५ आणि ०.७५ अशा तीन जाडीचे अलाइनर क्रमाने देतात. पहिला मऊ, तो वाकड्या दातावरही बसतो. नंतरचा कडक, तो राहिलेली हालचाल पूर्ण करतो. तीन नको असतील तर निवडक स्टेपला ०.५ आणि ०.७५ अशी जोडी द्या. मॉडेल एकच लागतं, खर्च एका पातळ शीटचा. सुळ्याच्या केसमध्ये हे करून बघा, तीन थरांच्या शीटला पैसे मोजण्याआधी.

सात की चौदा दिवस? जोर पहिल्या दिवसातच बराच ओसरतो, म्हणून आठवड्याला बदला, असा युक्तिवाद होतो. पण दात हलतो तो हाडाच्या वेगाने, आणि हाडाला शीटच्या आलेखाशी देणंघेणं नाही. ७, १० आणि १४ दिवसांच्या गटांची तुलना करणारी एक क्लिनिकल चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. अचूकतेत एकूण फार फरक पडला नाही. मागच्या दातांच्या काही हालचाली चौदा दिवसांच्या गटात थोड्या जास्त अचूक होत्या. माझा नियम साधा आहे: पुढच्या दातांच्या किरकोळ केसला सात दिवस, सुळा-प्रीमोलर फिरत असतील तर त्या स्टेपना चौदा. वीस-बावीस तास घालतो असं सांगणाऱ्या रुग्णाच्या अलाइनरला आठवड्यानंतरही एक ओरखडा नसेल, तर दिवस मोजण्यात अर्थ नाही.

आणि चहा. ‘कपभर चहाने काय होतं’ हे रोज ऐकावं लागतं. पीईटीजी ८० अंशांना मऊ होतं हे कोरड्या, बिनताणाच्या शीटबद्दल. भिजलेला आणि ताणलेला अलाइनर त्याच्या बऱ्याच खाली हळूहळू वाहायला लागतो; वाफाळत्या चहाचे घोट दिवसातून तीन-चार वेळा पुरेसे आहेत. गिझरच्या पाण्याखाली धुणारेही असतात. हे रुग्णाला छापील कागदावर द्या, तोंडी सांगितलेलं राहत नाही.

दोन शीटमध्ये निवड करायचीच असेल, तर डेटाशीट बाजूला ठेवून हा प्रयोग करा. एका केसच्या एकाच स्टेपच्या मॉडेलवर दोन्ही शीटचे अलाइनर फॉर्म करा. ते आधीच्या स्टेपच्या मॉडेलवर चढवून ३७ अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवा. म्हणजे ते जसे तोंडात ताणले जातील तसेच ताणले जातात. मग काढून ज्या मॉडेलवर बनवले त्यावर परत बसवा आणि सुळ्याच्या कडेची फट लूपमधून (भिंगातून) बघा. जो अलाइनर स्वतःच्याच मॉडेलवर आता सैल बसतोय, त्याने आपला जोर पाण्यातच सोडलाय. सप्लायरकडून नमुन्याच्या दोन-तीन शीट यासाठी मागून घ्या, देतात. तुमच्याच मशीनवर, तुमच्याच हाताने आणि पावसाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा.

फरक स्पष्ट दिसला आणि गेजवर तुमची जाडीही स्थिर आली, तर तीन थरांची शीट जरूर घ्या, पण फक्त रोटेशन आणि अटॅचमेंट जास्त असलेल्या केसेससाठी. उरलेला पीईटीजीचा बॉक्स साध्या केसेसना आणि उपचारानंतरच्या रिटेनरला चालेल.